विलासच्या खेळातलं भात

मामांचा फोन आला म्हणजे काहीतरी विपरीत घडलंय, हे मी फोन उचलायच्या आधीच ओळखलं. माझे मामा कुणाला फोन करत नाहीत. मोबाइल खिशात असतो, वाजला की उचलतात, समोरच्याचं ऐकून घेतात आणि 'ठेवतो' असं न सांगता बंद करून टाकतात. त्या दिवशी शाळा नुकतीच सुटली होती, मी फळा पुसत होते. "नंदे..." एवढंच म्हणाले आणि मग बराच वेळ त्यांचा नुसता श्वास ऐकू येत राहिला. मागे दवाखान्यातली गडबड, कुणाच्या तरी चपलांचा आवाज... "विलास गेला." आणि फोन बंद. कावीळ झाली होती त्याला. कावीळ काय, होते आणि बरी होते, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. तोही शहापुरातल्या दुकानात चार दिवस तसाच जात राहिला, आणि कल्याणला हलवलं तोवर उशीर झाला होता. मामा टोकावड्याहून पोचले तेव्हा तो शुद्धीत नव्हता. बाप-लेकात जे काही बोलणं व्हायचं राहिलं होतं, ते तिथे राहूनच गेलं.

विलास हा माझा मामेभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. कॉम्प्युटर आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा, तिशीही न गाठलेला. या पुरवणीच्या वाचकांना तो माहीत असण्याचं काहीच कारण नाही. पण त्याने एक गोष्ट केली होती, जी आमच्या तालुक्यात तर सोडाच, पुण्या-मुंबईतही कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्याने एका जुन्या परदेशी खेळाचं पोट उघडून त्यात आमचा सगळा मुलूख बसवला होता. सापगाव, खर्डी, मुरबाड, टोकावडे, माळशेजचा घाट आणि आम्ही माणसं.

तो मूळ खेळ आम्ही पहिल्यांदा बघितला तो मे महिन्याच्या सुट्टीत. मामांच्या शेजाऱ्यांकडे मुंबईचे पाहुणे आले होते, त्यांच्या मुलाकडे हातात मावणारं, करड्या रंगाचं एक खेळयंत्र होतं. त्यातल्या इवल्याशा पडद्यावर एक पोरगा घरातून निघतो, गावोगाव हिंडतो, गवतात शिरला की त्याला तऱ्हेतऱ्हेचे प्राणी भेटतात. ते पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्यांच्या प्राण्यांशी झुंजवायचे. तो पाहुणा मुलगा दुपारी झोपला की विलास ते यंत्र मागून आणायचा आणि आंब्याखाली बसायचा. सेल संपले तेव्हा याने मामांच्या छोट्या ट्रान्झिस्टरमधले सेल काढून त्यात घातले. संध्याकाळी बातम्यांच्या वेळेला मामांनी ट्रान्झिस्टर फिरवला, आपटला, कानाला लावला... विलासचं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. मला वाटलं आता पाठीत बसणार. पण मामा हसले. "बघू तरी काय हाय त्याच्यात," म्हणाले आणि ते दोघं पडवीत डोक्याला डोकं लावून त्या पडद्यात बघत बसले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते या दोघांच्या स्वभावातच होतं असं कुणाला वाटू नये. पूर्वी त्यांचं छान होतं.

पुढे बारावीनंतर विलासने आयटीआय केलं, मग शहापूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागला. तिथल्या सायबर कॅफेत त्याला शोध लागला की तोच खेळ कॉम्प्युटरवरही चालतो. एवढंच नाही, तर जगभरातली त्याची वेडी माणसं तो उघडून त्यातली चित्रं, नकाशे, बोलणी बदलतात आणि आपला नवा खेळ एकमेकांना फुकट खेळायला देतात. झालं. आता त्याला स्वतःचा कॉम्प्युटर हवा होता. कल्याणला एक कॅफे बंद होत होता, तिथला जुना कॉम्प्युटर त्याने मिळवला. पण मिळवला कधी, तर ऐन आवणीत. आवणी म्हणजे आमच्याकडची भाताची लावणी. त्या दिवसांत लेकीबाळी, भाचरं, पाहुणे, सगळे त्या घरी कामाला जमतात. आई आणि मीही सापगावहून गेलो होतो, खाचरात ओणव्या होतो.

एसटी टोकावड्याच्या फाट्यावर सोडते, आणि तिथून मामांचं घर म्हणजे बांधाबांधाने बरंच आत. विलास फाट्याकडून येताना दिसला तो डोक्यावर तो अवजड चौकोनी डबा घेऊन. कॉम्प्युटरचा पडदा त्या काळी केवढा असायचा, आठवत असेल. त्यावर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळलेला, स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला. पावसाने बांध साबणासारखे झालेले. एकदा घसरला, सावरला... दुसऱ्यांदा घसरला, आणि मग त्याने सरळ बांध सोडला आणि आम्ही सकाळीच लावून संपवलेल्या खाचरात उतरला. मधूनच, आडवा. चिखलात पाय खोल जात होते, त्यामुळे पडायची भीती नव्हती. मागे मात्र रोपं आडवी होत गेली. मामा शेजारच्या खाचरात चिखलणी करत होते. त्यांनी बैल थांबवले. "भातावर पाय देऊन चाललायस," ते ओरडले, "डोक्यावरचं ते काय पोटाला घालशील?" विलास थांबलाही नाही. "तुमचं भात परत लावता येतं," म्हणाला, "हा पडला तं परत नाय मिळणार."

रोपं तर मामीने आणि मी तासाभरात परत लावली, नुकसान म्हणाल तर काहीच नाही. पण 'आपलं भात' न म्हणता पोरगा 'तुमचं भात' म्हणाला, ते मामांना लागलं. आणि बापाने पोराकडे न बघता आधी रोपांकडे बघितलं, ते विलासला लागलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. एका ताटाशेजारी दुसरं ताट, पण मामा म्हणायचे, "त्याला सांग, वरचं पाणी सोड." आणि दोन हातांवर बसलेल्या विलासला मामी सांगायची, "वरचं पाणी सोड बोलतात." तो म्हणायचा, "सांग, सोडलं." मामी बिचारी तारमास्तरासारखी दोन्हीकडचे निरोप पोचवायची. आम्हाला वाटलं दिवाळीपर्यंत विरघळेल. नाही विरघळलं. आईच्या माहेरच्या रक्तातच हट्ट आहे, मीही काही वेगळी नाही, म्हणून नावं ठेवायची सोय नाही.

त्या आवणीनंतर आठवड्याभरानेच विलास तो डबा घेऊन आमच्याकडे सापगावला राहायला आला. शहापूर तिथून हाकेच्या अंतरावर, आत्याचं घर, आणि कॉम्प्युटर ठेवायला माझ्या पुस्तकांचं टेबल. पुस्तकं गेली पलंगाखाली. मी तेव्हा डी.एड. करत होते आणि आपल्याला लिहिता येतं अशी माझी समजूत होती. विलासला चित्रं काढता यायची, नकाशे जमायचे, पण माणसांच्या तोंडी काय घालायचं ते सुचायचं नाही. ते काम माझ्याकडे आलं. दिवसा भारनियमन असायचं. वीज आली की आम्ही हातातलं काम टाकून टेबलाशी पळायचो आणि गेली की अंगणात बसून भांडायचो. भांडणाचं कारण बहुतेक वेळा माझं लेखन. पहिल्या गावातल्या म्हातारीच्या तोंडी मी लिहिलं होतं, 'बाळा, प्रवासात सावध राहा.' विलासने ते वाचलं आणि विचारलं, "असं कोण बोलतं गो ताय? ही काय निवडणुकीला उभी हाय काय?" मग मी लिहिलं, 'कुठं चाललास रं? येताना मीठ घेऊन ये.' तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

आणि जागा तरी केवढी. पडद्याखाली एक चौकट उघडते, तिच्यात दोन ओळी. मराठी अक्षरं त्या खेळात नव्हतीच, ती विलासने ठिपके मांडून एकेक करून काढली. मूळ इंग्रजी वाक्याला जेवढी जागा दिलेली, तेवढ्यातच आपलं मराठी वाक्य बसवायचं. एक अक्षर जास्त झालं तरी पुढच्या माणसाच्या बोलण्यात घुसतं, त्यामुळे विलास अक्षरांच्या बाबतीत भयंकर चिक्कू झाला होता. माझं चांगलं वाक्य तो निर्दयपणे छाटायचा. "ताय, हित्तं काय तुझा निबंध नाय," हे त्याचं ठरलेलं.

पण काय खेळ झाला होता तो... चिंबोऱ्या, मुंगूस, घोरपड, शेकरू, सगळे आपले. खर्डी स्टेशनाबाहेर एक बाई करवंदं घेऊन बसलेली, तिच्याशी बोललं की ती आधी करवंदं घ्यायला लावते, मगच वाट सांगते. मूळ खेळात या गावाहून त्या गावाला उडत जायची सोय होती. विलासने तिथे एसटी घातली, आणि ती कधी कधी यायचीच नाही. कंडक्टर म्हणायचा, 'गाडी नाय आली अजून,' की बसा स्टँडवर. दमलेल्या प्राण्यांना विश्रांतीला न्यायचं घर म्हणजे आमचं सापगावचं घर, आणि तिथे माझी आई. ती प्राण्यांना बरं करायची आणि जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. आईला दाखवलं तेव्हा तिने चष्मा पुसून नीट बघितलं आणि विचारलं, "मी येवढी जाडी हाय काय रे?" विलास म्हणाला, "आत्या, सगळी माणसं येवढीच असतात ह्याच्यात." आईचं काही समाधान झालं नाही. पुढे कितीतरी दिवस ती वेळी-अवेळी ते बोलून दाखवायची.

खेळ बराचसा झाल्यावर त्याने तो परदेशातल्या त्या वेड्यांच्या संकेतस्थळावर टाकला. मराठी त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, तरी चित्रांवरून खेळले बिचारे. पण दोन दिवसांत तक्रारी यायला लागल्या. पहिल्याच वाटेवर खेळ अडतोय. दोन्ही बाजूंना उंच गवत दिसतंय, पण त्यात शिरताच येत नाही. मग प्राणी भेटणार कसे? मी म्हटलं, काहीतरी चूक राहिली असेल, दुरुस्त कर. विलास माझ्याकडे बघतच राहिला. "चूक कसली? भात हाय तं. भातात कोण घुसतं?"

तेव्हा त्याने काय करून ठेवलंय ते माझ्या लक्षात आलं. या खेळात प्रत्येक चौकोनाला सांगून ठेवावं लागतं, याच्यावरून माणूस चालेल की याच्यापाशी अडेल. दुसऱ्या कुणीही गवताचं चित्र पुसून तिथे भात काढलं असतं. विलासने भिंतीचं चित्र पुसून तिथे भात काढलं होतं. मामांच्या घरापासून फाट्यापर्यंत सगळी खाचरं, उभं भात, मधून अरुंद बांध. चालायचं ते बांधावरूनच. भातात शिरायला गेलं की ठप्प असा आवाज यायचा आणि पोरगा जागच्या जागी पाय हलवत राहायचा. आत फक्त बगळे फिरायचे. अख्खा खेळ ज्यावर उभा, त्या गवतात जाण्याचीच त्याने बंदी करून टाकली होती, आणि आपण काही अडवून ठेवलंय हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. परदेशातल्या एकाने लिहिलं, अरे, हा शेवटी खेळच आहे. त्यावर मी शब्दकोश घेऊन बसले आणि विलास सांगेल तसं इंग्रजीत उत्तर लिहिलं, की आमच्या गावात पिकातून कुणी चालत नाही, खेळातसुद्धा. शेवटी मधला मार्ग निघाला. शेतं संपल्यावर जो माळ लागतो, तिथे त्याने गवत उगवलं आणि प्राणी तिकडे हलवले. पहिल्या वाटेवर काहीच घडत नाही, नुसतं बांधाने चालावं लागतं, ही कुरकुर शेवटपर्यंत राहिली. विलासने भात काही उघडलं नाही.

त्याच वाटेवर, घराजवळच्या बांधाच्या टोकाशी, मामा उभे होते. मुंडासं, खांद्यावर कुदळ, पाठमोरे. या खेळात बटण दाबलं की समोरचा माणूस वळून तुमच्याकडे बघतो आणि मग बोलतो. मी मामांसाठी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं, 'जा बाळा, यशस्वी होऊन ये.' विलास हसता हसता खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "बाबा असं बोलले तं मीच घाबरून घरी यायचा." मग मी दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. त्याने सगळी पुसली आणि तिथे तीन टिंबं ठेवली. म्हणजे बटण दाबलं की मामा वळायचे, तुमच्याकडे बघायचे, चौकटीत तीन टिंबं उमटायची आणि मामा परत पाठ फिरवायचे. मला तो फार वाह्यातपणा वाटला. "निदान एक शब्द तरी घाल," मी म्हटलं. विलास मान न वळवता म्हणाला, "ते काय बोलतील ते मला माहीत नाय गो ताय. त्यांच्या तोंडात मी कसं घालू?"

तो गेल्यानंतर सव्वा महिन्याने असेल, मामा सापगावला आले. असे कधी एकटे येत नाहीत. चहा घेतला, पावसाचं विचारलं, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "त्याचं ते काय होतं, ते दाखव मला." सगळं दाखवता आलं असतं, स्टेशनावरची करवंदवाली, न येणारी एसटी... पण खेळ सुरू होतो तोच मामांच्या घरापासून. ती तीन टिंबं त्यांना दिसल्यावाचून राहणार नव्हती.

मी त्यांना बाणांची बटणं दाखवली. जाड, भेगाळलेली बोटं, एका वेळी दोन बटणं दाबली जायची. पडद्यावरचा पोरगा घरातून बाहेर आला. मामांनी लगेच ओळखलं, "हे आपलं खालचं खाचर... हा उंबर..." आणि सरळ निघायचं म्हणून त्याला भातात घातलं. ठप्प. परत दाबलं. ठप्प. "हा आत का नाय जात?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "विलासने जाऊच दिलं नाही मामा. कुणालाच नाही. बांधानेच जायचं." मामांचा हात बटणावर तसाच राहिला. मग त्यांनी पोरगा वळवला आणि बांधाने चालवत नेला, दमाने, प्रत्येक वळणावर थांबत. टोकाशी पाठमोरा माणूस उभा होता. मीच बटण दाबलं, कधीतरी ते व्हायचंच होतं. माणूस वळला, बघितलं, तीन टिंबं आली.

मामांनी पडद्यावरच्या त्या माणसावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मीच हाय तो." मी मान हलवली. "त्या दिशी मी रोपं बघितली गो... डोक्यावर वजन घेऊन पोरगा घसरत होता, ते नाय बघितलं." आणि माझे हे मामा, ज्यांना मी आजीच्या वेळीही रडताना बघितलं नव्हतं, ते गुडघ्यांवर हात ठेवून रडले. मीही रडले. आई चुलीपाशी होती, तिने आत डोकावलं आणि काही न विचारता परत गेली.

जरा वेळाने मी विचारलं, "मामा, इथे तुमचं बोलणं घालू का? घालता येतं मला." मामांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "लिव... दे तो डबा इकडं, मी धरतो. बांध निसरडा हाय."

मी बोलण्यांचं पान उघडलं आणि वाक्य बसेल का या काळजीत पडले. तीन टिंबांच्या जागी एवढी अक्षरं कुठून बसायची. पण बघते तर त्या तीन टिंबांच्या पुढे सगळं मोकळं होतं. दोन्ही ओळी, पूर्णच्या पूर्ण. माझ्या एकेका अक्षरासाठी भांडणाऱ्या विलासने, दुसऱ्या कुणाला दिली नव्हती एवढी जागा बापासाठी राखून ठेवली होती. वाक्य बसलं आणि वर थोडी जागा उरली.

कॉम्प्युटर आता मामांच्या घरी आहे, पडवीत, विलासच्या टॉवेलखाली झाकलेला. नेताना मामांनी तो फाट्यापासून स्वतःच्या डोक्यावर नेला, पोराटोरांना हात लावू दिला नाही. गावातल्या एका मुलाकडून चालू कसा करायचा ते शिकून घेतलंय. संध्याकाळी धारा काढून झाल्या आणि वीज असली की टॉवेल घडी करून बाजूला ठेवतात आणि पोराला बांधाने चालवत नेतात. पुढे खर्डी आहे, मुरबाड आहे, घाट आहे, हे मी त्यांना दोनदा सांगितलं, पण त्यांना तिकडे जायचं नसतं. टोकाला पोचतात, बटण दाबतात, ओठ हलवत ती दोन ओळींची चौकट वाचतात आणि पोराला परत घरी आणतात.

परवा मामीला फोन केला होता. ती जेवणाखाणाचं बोलली, म्हशीचं बोलली, मग मी विचारलं, "मामा कसे आहेत?" "बसलेत तिकडं त्याच्यापाशी," मामी म्हणाली. "आता मला मधी घेत नाय गो."